किती दिवस आहेस?

एसटी स्टँडवर उतरून पिशवी खांद्याला अडकवेपर्यंत पहिला ओळखीचा माणूस भेटतो आणि विचारतो, "कधी आलास?" पिशवी समोर दिसत असते, त्यामुळे उत्तरासाठी तो थांबत नाही. त्याचा खरा प्रश्न पुढचा असतो. "किती दिवस आहेस?" दोन दिवस म्हटलं तर काम काढून आलाय. आठ दिवस म्हटलं तर रजा टाकलीय. महिना म्हटलं की विचारणाऱ्याच्या भुवया जराशा वर जातात. आणि "बघू" म्हटलं, की दिवेलागणीपर्यंत साऱ्या आळीला कळलेलं असतं की पोराचं तिकडे काहीतरी बिनसलंय.

संसार मोडून, ठरलेलं लग्न फिसकटून किंवा नुसतंच प्रेमात तोंडघशी पडून जो माणूस घरी येतो, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. अशा माणसाची विनोदी कादंबरी हा इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, चांगला रुळलेला प्रकार आहे. आपल्याकडे प्रेमभंग झालेल्याला दाढी वाढवायची मुभा असते, हसायची फारशी नसते. म्हणून हे यंत्र आतून कसं चालतं ते एकदा उघडून बघण्यासारखं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा मुख्य पट्टा त्या स्टँडवरच्या प्रश्नालाच बांधलेला असतो. लेखक मुक्काम किती दिवसांचा ठरवतो, आणि त्या दिवसांत नायकाला घराबाहेर पडता येणार नाही याची तजवीज कशी करतो, यावर पुढचं सगळं फिरतं.

खोलून बघायला एक कादंबरी घेऊ. जोनाथन ट्रॉपर या अमेरिकन लेखकाची 'धिस इज व्हेअर आय लीव्ह यू', २००९ साली आलेली. नावात एक छोटी कोटी आहे आणि मराठीत ती आयती उतरते. रिक्षावाला आपल्याला स्टेशनवर सोडतो, बायको नवऱ्याला सोडते आणि बापही एके दिवशी सगळ्यांना सोडून जातो. क्रियापद एकच. नायकाचं नाव जड फॉक्समन. इंग्रजीत त्या नावाला काही वजन नाही, ते मराठीत लिहिल्यावर येतं.

जड एका रेडिओ कार्यक्रमाचा निर्माता आहे. कार्यक्रमाचा निवेदक म्हणजे त्याचा साहेब वेड बूलँजर. पुरुषांनी पुरुषासारखं कसं वागावं यावर तो हवेत आरडाओरडा करतो आणि लोक ऐकतात. बायकोच्या वाढदिवशी जड वेळेआधी घरी येतो आणि साहेब आपल्याच पलंगावर सापडतो. नोकरी आणि लग्न एका दुपारीच संपतात.

इथं लेखकापुढे पहिली अडचण येते. तिशी ओलांडलेला पुरुष नुसता प्रेमभंग घेऊन आईवडिलांकडे जात नाही. तो भाड्याच्या खोलीत खाण्याचे रिकामे खोके रचत बसतो. जडही तेच करतो; कुणाच्या तरी घराचं तळघर भाड्यानं घेऊन तिथं पडून असतो. त्याला तिथून हलवायचं तर घरी जाण्याचं एखादं सरकारी कारण हवं, ज्याची फोड कुणापुढे करावी लागत नाही असं. ट्रॉपर ते पहिल्याच पानावर देतो. बहीण वेंडीचा फोन येतो की वडील गेले. आणि वडिलांची इच्छा होती म्हणे, की चारही भावंडांनी शिवा पाळावा.

आता हा शिवा काय आहे ते सावकाश बघू, कारण इंजिन इथंच आहे. आपल्या शिवाशी त्याचा काही संबंध नाही. हिब्रू भाषेत शिवा म्हणजे सात. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको किंवा मूल गेलं, की ज्यू कुटुंबात दफनाच्या दिवसापासून सात दिवस घरी बसतात. आपल्या सुतकाच्या जवळची गोष्ट, पण हिशेब वेगळा. घरातले आरसे झाकतात. सात दिवस पुरेल अशी मेणबत्ती लावून ठेवतात. अंगावरचं वस्त्र, किंवा त्याऐवजी छातीवर लावलेली काळी फीत, थोडी फाडतात. कातड्याची पायताणं घालत नाहीत. कामधंद्याला जात नाहीत. दार नुसतं लोटून ठेवलेलं असतं, आलेल्यानं बेल वाजवायची नसते. पहिलं जेवण बाहेरच्यांनी आणायचं असतं, त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर असे गोल पदार्थ असतात. आपल्याकडे शेजारीपाजारी पिठलं-भात घेऊन येतात, कडू घास देतात, तसंच. जुनी रीत अशी की समाचाराला आलेल्यानं आधी बोलायचं नाही, दुखवट्यातला माणूस तोंड उघडेपर्यंत गप्प बसायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखवट्यात बसलेल्यांनी बुटक्या आसनावर बसायचं.

हे ज्यांना परकं वाटेल त्यांच्यासाठी सांगतो, मराठी बोलणाऱ्यांच्या घरांतही ही सात दिवसांची मोजणी परकी नाही. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्रायली शतकानुशतकं मराठी बोलत आलेत. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. त्यांतले कितीतरी लोक पुढं इस्रायलला गेले, पण मूळ गाव आडनावात बरोबरच राहिलं. त्यांना गावी परतायला नुसती सही केली तरी पुरे.

तर सात दिवस. स्टँडवरच्या प्रश्नाला ट्रॉपरनं चोख आकडा देऊन टाकला. कादंबरीचे भागही वारांप्रमाणेच पडतात. यानं काय साधतं बघा. प्रेमभंग झालेल्या माणसाचा वेळ पसरट असतो, सोमवार आणि गुरुवार त्याला सारखेच. विनोदाला पसरट वेळ मानवत नाही. विनोदाला दाराशी कुणीतरी यावं लागतं, कुणाला तरी उशीर व्हावा लागतो, काहीतरी चुलीवर उतू जावं लागतं. सात दिवसांची चौकट हे सगळं फुकटात देते. रोज दुपारी लोक येणार. रोज सकाळी त्याच चार भावंडांनी एकमेकांची तोंडं बघायची. कुणी रागावून गाडीची किल्ली उचलली, तरी उद्या पुन्हा येऊन बसणं भाग. भांडण अर्धवट टाकून मुंबईला निघून जाता येत नाही, ते पुरं करावं लागतं. घराघरातली भांडणं वर्षानुवर्षं टिकतात त्याचं कारण ती कधी पुरी होत नाहीत, हे आपण सणासुदीला बघतोच.

शिवाय हे कुटुंब धार्मिक नाही. वडिलांना देवाधर्माची ओढ नव्हती, मुलांना तर प्रार्थना धड येत नाहीत. श्रद्धेनं बसलेली माणसं विनोदी दिसत नाहीत. नियम माहीत नसताना नियमात बसलेली माणसं दिसतात. सोवळ्यात वावरणाऱ्या आजोबांना कुणी हसत नाही. हातात पळी घेऊन गुरुजींकडे केविलवाण्या नजरेनं बघणाऱ्या, आचमन की अर्घ्य याचा पत्ता नसलेल्या इंजिनिअर नातवाला सगळे हसतात.

त्या बुटक्या आसनांचं काम तर फारच बारकाईनं केलेलं आहे. माणूस जमिनीलगत बसला की त्याच्या नजरेसमोर येतात पाहुण्यांचे गुडघे, पोटं, पँटच्या चेनी. सांत्वन वरून खाली येतं. उभा असलेला सुखी, बसलेला दुःखी, अशी सरळ उतरंड तयार होते. ज्या माणसाला आपल्या दुःखाची उंची फार वाटत होती, त्याला लेखकानं अक्षरशः पाटावर आणून बसवलं. एकही कोटी न करता, फक्त फर्निचर बदलून केलेला विनोद आहे हा. नवशिक्या विनोदी लेखकानं वाक्यांवर मेहनत घेण्याआधी खुर्च्यांची उंची ठरवावी, असं मी म्हणेन.

रात्री झोपायला जडला कुठली जागा मिळते? तळघर. म्हणजे भाड्याच्या तळघरातून उठून हा गडी बापाच्या तळघरात येतो. इथं घराचा दुसरा कायदा लागू होतो. आपण बाहेर कुणीही असा, घरी आपला नंबर जन्माच्या क्रमानं लागतो. पुण्याच्या कंपनीत ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, तो गावात पिंट्याच असतो, आणि पिंट्याला काकू दळण आणायला पाठवते. फॉक्समनांच्या घरी थोरला पॉल वडिलांचं खेळाच्या सामानाचं दुकान सांभाळतो आणि आपण राहिलो म्हणून दुकान राहिलं हे विसरू देत नाही. वेंडी तीन मुलांना घेऊन आलीय, तिचा नवरा सतत फोनवर. धाकटा फिलिप शेंडेफळ, कधीच वेळेवर न येणारा, तो या वेळी वयानं बरीच मोठी मैत्रीण घेऊन उगवतो आणि ती मानसोपचारतज्ज्ञ निघते. आई हिलरी हिनं मुलं कशी वाढवावीत यावर गाजलेलं पुस्तक लिहिलंय. त्या पुस्तकाचे चार जिवंत दाखले हॉलमध्ये बुटक्या आसनांवर बसून एकमेकांवर गुरकावत आहेत.

जड या सगळ्यांत तिसरा. मधल्यांना माहीत असतं, थोरल्याला मान असतो, धाकट्याला लाड असतात, मधल्याला जुने कपडे असतात.

नायक आपलं दुःख घेऊन येतो तेव्हा त्याची अपेक्षा अशी असते की घरात शिरताच त्या दुःखाला कुणीतरी पाट मांडेल. कुणी मांडत नाही. प्रत्येकाचं आपापलं दुःख आधीच रांगेत उभं असतं. पॉलच्या बायकोला मूल होत नाही आणि ती त्या विचारानं पछाडली आहे. पॉलचं स्वतःचं खेळाडू म्हणून आयुष्य एका कुत्र्याच्या हल्ल्यात संपलं आणि त्या दिवसाचा दोष त्यानं जडच्या नावावर लिहून ठेवलाय. वेंडीचा तरुणपणीचा मित्र शेजारीच राहतो. मेंदूला झालेल्या इजेमुळे तो आईच्याच घरी अडकून पडलाय. त्याला पाहिलं की वेंडीच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यापुढे जडची तक्रार किरकोळ वाटू लागते. ज्याची बायको साहेबाबरोबर गेली, त्याचं पान या पंगतीत मध्येच कुठेतरी मांडलेलं.

विनोदी कादंबरीत हे करावं लागतं, आणि गंभीर प्रेमकथेत नेमकं टाळावं लागतं. गंभीर कथेत नायकाचं दुःख जगातलं एकमेव असतं, पाऊससुद्धा त्याच्यासाठी पडतो. इथं पाऊस पडला तर वाळत घातलेले कपडे काढायला त्यालाच पाठवतात. दुःख खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. फक्त त्याला कामं सांगतात.

आता एक प्रसंग सुटा करून त्याचे स्क्रू मोजू. जड वाढदिवसाचा केक घेऊन घरी येतो तो प्रसंग. केकवरच्या मेणबत्त्या पेटलेल्या आहेत, तो हळूहळू जिना चढतो, बेडरूमच्या दाराशी पोचतो. वाचकाला आत काय आहे ते एव्हाना माहीत असतं, कारण लग्न मोडल्याचं त्यानं आधीच सांगून टाकलंय. मग उत्कंठा कसली? केकची. पेटत्या मेणबत्त्यांचा केक हातात असला की माणसाला धावता येत नाही, दार आपटता येत नाही, कपाळाला हात लावता येत नाही, डोळेही पुसता येत नाहीत. आयुष्यातली सगळ्यात अपमानाची घटका, आणि दोन्ही हात गुंतलेले. ती सगळी उजळलेली, सणासारखी वस्तू घेऊन तो उभा. शेवटी तो केक साहेबांच्या अंगावर नको त्या ठिकाणी जातो, मेणबत्त्यांसकट. वाचक मोठ्यानं हसतो तो तिथं, पण हसू तयार झालं होतं आधी, जिन्यावर. केक नुसता फेकला असता तर ती मारामारी झाली असती. तो जपून आणला, विझू नये म्हणून हळू चालला, आणि मग फेकला, म्हणून तो विनोद झाला.

केकवरून नोरा एफ्रनची आठवण निघणारच. तिची 'हार्टबर्न' १९८३ची, म्हणजे ट्रॉपरच्या पाव शतक आधीची. निवेदिका रेचल पाककृतींची पुस्तकं लिहिते. सात महिन्यांची गरोदर असताना तिला कळतं की नवऱ्याचं दुसरीकडे चाललंय, आणि ती वॉशिंग्टनचं घर सोडून लहान मुलाला घेऊन न्यूयॉर्कला, आपल्या शहरात, वडिलांच्या फ्लॅटवर येऊन थडकते. आपल्या शब्दांत, माहेरी येते. हार्टबर्न म्हणजे छातीतली जळजळ. गरोदरपणातलीही आणि दुसरीही. मराठीत दोन्हींना जळणंच म्हणतात, अनुवादकाला इथं काही करावंच लागणार नाही. कथेत मधूनच पाककृती येतात, अगदी प्रमाणासकट. दुःखाच्या ऐन भरात बाई बटाट्याचं काय करावं ते सांगू लागते. वरवर ही गंमत, पण ती घड्याळाचंही काम करते. कृतीला सुरुवात असते, शेवट असतो आणि बहुधा ती जमते. संसाराबद्दल असं काहीच सांगता येत नाही. शेवटाकडे भर जेवणात ती नवऱ्याच्या तोंडावर लिंबाचा पाय मारते. हा पाय म्हणजे बिस्किटाच्या किंवा पिठाच्या कवचात भरलेला गोड पदार्थ, नाहीतर वाचकांचा भलताच समज व्हायचा.

एफ्रननं हे स्वतःच्या मोडलेल्या लग्नावरून लिहिलं. नवरा होता वॉटरगेट प्रकरण उघडकीला आणणाऱ्या दोन पत्रकारांपैकी एक, कार्ल बर्नस्टीन. तिची आई पटकथालेखिका होती, आणि जे जे घडतं तो सगळा कच्चा माल असतो ही शिकवण तिला आईकडून मिळाली. पुढं एफ्रननं तिचा अर्थ असा उलगडला: केळीच्या सालीवरून आपण घसरलो तर लोक आपल्याला हसतात, पण तीच घसरण आपण सांगायला लागलो की हसणं आपल्या मालकीचं होतं. परतण्याच्या कादंबऱ्या बहुतेक प्रथमपुरुषी असतात त्याचं कारण हे. गावात आपल्या फजितीची एक आवृत्ती आपल्या आधीच पोचलेली असते. निवेदक दुसरी आवृत्ती घेऊन उभा राहतो आणि तीच जास्त बोचरी, जास्त विनोदी व्हावी याची काळजी घेतो. लोक जे मागून बोलणार ते तो पुढून बोलून टाकतो.

गाव स्वतः पात्र म्हणून कसं उतरवायचं, हे मात्र ट्रॉपरच्याच आधीच्या 'द बुक ऑफ जो' या २००४च्या कादंबरीत जास्त चांगलं दिसतं. तिथं नायक लेखक आहे. आपल्या गावाची अब्रू वेशीवर टांगणारी कादंबरी लिहून तो श्रीमंत झालाय, आणि वडिलांना झटका आल्यामुळे सतरा वर्षांनी त्याला त्याच गावात यावं लागतं. एक बाई खानावळीत त्याच्या डोक्यावर मिल्कशेक ओतते. गावातलं वाचकमंडळ त्याच्या पुस्तकाच्या प्रती आणून वडिलांच्या अंगणात फेकतं. पुस्तकाला मिळालेला इतका मनःपूर्वक प्रतिसाद मी दुसरीकडे वाचलेला नाही. इथंही यंत्र तेच: गाव काहीच विसरत नाही, आणि आपण मात्र विसरलं जाईल या भरवशावर निघून गेलेलो असतो.

या कादंबऱ्यांतला सगळ्यात गंजका भाग म्हणजे जुनं प्रेमपात्र. गावी परतलेल्या माणसाला शाळेतली ती भेटलीच पाहिजे, ती अजून सुंदर असलीच पाहिजे आणि बऱ्यापैकी मोकळीही असलीच पाहिजे. जडला पेनी भेटते. ती गोड आहे, थोडी विक्षिप्त आहे, आणि ती आली की पान उलटायचा वेग माझ्यापुरता मंदावतो. ट्रॉपरच्या बायका अनेकदा नायकाच्या नजरेनंच घडलेल्या असतात. त्यांना आधी रूप मिळतं, मग जमलं तर स्वभाव. वेंडी आणि आई या दोघी सुटल्या, कारण त्यांच्याकडे नायकाला त्या नजरेनं बघता येत नाही. २०१४ साली शॉन लेव्हीनं यावर चित्रपट काढला, पटकथा खुद्द ट्रॉपरची. जेसन बेटमन, टीना फे, ॲडम ड्रायव्हर आणि आईच्या भूमिकेत जेन फोंडा. माणसं सगळी तोलामोलाची, तरी काहीतरी सांडलंय असं वाटत राहतं. सांडलाय तो निवेदकाचा आवाज. पुस्तकात जड एकीकडे लोकांच्या तोंडावर आभार मानत असतो आणि दुसरीकडे आपल्या कानात त्यांची साल काढत असतो. पडद्यावर फक्त आभार उरतात.

आता त्या सात दिवसांचं गुपित. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून जावा, मी वाट अडवत नाही.

शिवा पाळण्याची वडिलांची इच्छा नव्हतीच. ती आईनं रचली. मुलं अंत्यविधी उरकून संध्याकाळच्या आत पांगतील हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं मेलेल्या माणसाच्या तोंडी एक आज्ञा घातली. पहिल्यांदा वाचताना मला ही युक्ती जरा सोयीची वाटली होती. नंतर पुन्हा वाचताना लक्षात आलं की कादंबरीकारानं जे केलंय, नेमकं तेच तिनं केलंय. पात्रं एका घरात कोंडायची, मुदत घालायची, दार नुसतं लोटून ठेवायचं, आणि मग आपण गुपचूप बाजूला बसायचं. तिच्याकडेही स्वतःची एक गोष्ट सांगायची राहिलेली असते, आणि ती सांगायला तिला सगळी भावंडं एका खोलीत हवी असतात. शेवटी जडचा संसार पुन्हा जुळत नाही. बायकोच्या पोटात मूल त्याचंच आहे हे मधल्या दिवसांत कळलंय, तरीही नाही. सात दिवस संपल्यावर तो गाडीत बसतो आणि निघतो.

दिवसांचा आकडा बदलला की यंत्राचा आवाजही बदलतो. रेचल खाँगची 'गुडबाय, व्हिटॅमिन' २०१७ची. तिच्या नायिकेचं, रूथचं, ठरलेलं लग्न मोडलंय. ती नाताळात कॅलिफोर्नियात आईवडिलांकडे येते. वडील इतिहासाचे प्राध्यापक आणि आता त्यांची स्मृती चालली आहे. आई विचारते, राहशील का वर्षभर? वर्ष म्हणजे केक फेकण्याइतकी मुदत नव्हे. म्हणून खाँग डायरी घेते, कधी दोन ओळींची नोंद, कधी पानभर. विनोद बारीक, चिमटीत पकडावा लागतो असा. सुरुवातीलाच वडिलांची पँट झाडावर लटकलेली सापडते. वडिलांना शिकवण्यापासून तोडू नये म्हणून त्यांचे जुने विद्यार्थी लटका वर्ग भरवतात, आणि तो लटका आहे हे लपवण्यासाठी रोज नवी धावपळ करतात. रूथला विसरायचं आहे आणि जमत नाही. वडिलांना विसरायचं नाही आणि थांबवता येत नाही. लेखिका हे कुठंही बोलून दाखवत नाही. ती दोघांना एका स्वयंपाकघरात सोडते. वडिलांनी रूथच्या लहानपणी एक वही ठेवली होती, आज तू असं म्हणालीस, आज तू असं केलंस, अशा नोंदींची. वर्ष सरता सरता तशाच नोंदी रूथ वडिलांसाठी लिहायला लागते.

हे सगळं वाचून झाल्यावर मनात येतं की अशी मराठी कादंबरी लिहायची तर घड्याळ कुठलं घ्यावं? सुतक घेता येईल, पण आपल्या तेराव्याला गुरुजी, याद्या आणि केटरर यांचा इतका गलबला असतो की भावंडांना निवांत भांडायला वेळच मिळत नाही. मला विचाराल तर कोकणातला गणपती. तिथं "किती दिवस?" या प्रश्नाला घरागणिक पक्कं उत्तर आहे. दीड दिवस, पाच दिवस, गौरीबरोबर, सात दिवस, नाहीतर थेट अनंत चतुर्दशी. मुंबईचा चाकरमानी काहीही झालं तरी येणार, न येण्याला कारणच चालत नाही. कित्येक वाड्यांत भावकीचा गणपती एकच, मूळ घरात. सातबाऱ्यावरून वर्षभर न बोललेले चुलते तिथं एकाच आरतीला टाळ वाजवतात आणि आवाज चढवायची हौस 'घालीन लोटांगण'मध्ये भागवून घेतात. रात्री भजनी मंडळ येणार, त्यांना उसळ लागणार. माटवीला टांगायला काकड्या आणि नारळ हवेत, आणि शिडीवर चढायला नेहमी तोच सापडतो ज्याच्याकडे सध्या काही काम नाही.

तिथं एक पस्तिशीचा माणूस सात दिवसांच्या गणपतीला एकटाच आलाय. गेल्या वर्षी बरोबर होती ती या वर्षी नाही. शिडीवर उभा आहे, दोन्ही हातांत सुतळी, दातांत दुसरी सुतळी, आणि खालून आत्या विचारते, "काय रे, ती नाय इली?" त्याला उत्तर देता येत नाही, कारण तोंडात सुतळी आहे. सगळी वाडी वर बघत उभी. आणि परतीचं रिझर्व्हेशन तर सातव्या दिवसानंतरही वेटिंगवरच आहे.